‘दोन अब’ कुठून आले?

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण. भाषणाच्या वेळी आकृत्या फळ्यावर काढल्या होत्या. येथे त्या शब्दांत सांगितल्या आहेत. वाचकांनी कागद, पेन्सिल आणि जमल्यास कात्री जवळ घेऊन बसावे, ही विनंती.)





आजच्या मेळाव्यात मी गणितावर बोलावे असे चिटणीससाहेबांनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी बी. ए., बी. एड. आहे आणि बी. ए. ला माझा विषय इतिहास होता. गणिताच्या पदवीधरांनी भरलेल्या या सभेत इतिहासाच्या माणसाने फळ्यासमोर उभे राहावे, हे मला संकोचाचे वाटत होते. परंतु चिटणीससाहेब म्हणाले, “तुम्हांला जे उशिरा कळले तेच सांगा.” तसे सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडे आहे, म्हणून उभा राहिलो.

गणिताकडे मी आवडीने वळलो नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या शाळेत गणिताचे शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले. वेळापत्रकात ज्याचे तास कमी भरत होते अशा माझ्या गळ्यात आठवीचे बीजगणित पडले. वरिष्ठ म्हणाले, “आठवीचे तर आहे. पुस्तक वाचा आणि शिकवा.” मी पुस्तक वाचले आणि शिकविले. म्हणजे काय केले? सूत्र फळ्यावर लिहिले, चौकट आखली आणि मुलांकडून मोठ्याने म्हणून घेतले. (अ + ब)² = अ² + २अब + ब². वर्ग एका सुरात म्हणत असे, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटावे की आत फार चांगले शिकविणे चालले आहे.

त्या वर्गात एक मुलगा होता. चौथीपर्यंत तो उर्दू शाळेत शिकलेला, मग मराठी माध्यमात आलेला. आपल्याकडे अशी मुले पुष्कळ आहेत आणि त्यांची अडचण आपण पुरती ओळखत नाही. उर्दूत चौरसाला मुरब्बा म्हणतात, त्रिकोणाला मुसल्लस, कर्णाला वतर. हा मुलगा एकदा फळ्यावरच्या चौरसाला मुरब्बा म्हणाला आणि सारा वर्ग हसला, कारण बाकीच्यांना मुरब्बा म्हटला की आवळ्याचा किंवा आंब्याचा. उलट, ‘अ चा वर्ग’ म्हटले की त्याला शाळेचा वर्ग आठवायचा. एका अर्थाने तो दोन भाषांच्या उंबऱ्यावर बसला होता आणि त्याला आत घेण्याचे काम माझे होते.

चाचणीत त्याने लिहिले : (अ + ब)² = अ² + ब². मी तांबड्या शाईने फुली मारली. गणिताच्या सगळ्या शिक्षकांना ही चूक ठाऊक आहे. दरवर्षी निम्मा वर्ग ती करतो. वह्या परत दिल्यावर हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ते दोन अब आलं कुठून?”

मित्रहो, मला उत्तर येत नव्हते. कंसाला कंसाने गुणून दाखविता आले असते, पण त्याला ते नको होते. ते तर पुस्तकात होतेच. त्याला ही वस्तू कुठली ते हवे होते. मी म्हणालो, “सूत्र आहे, कुठून आलं काय विचारतोस? पन्नास वेळा लिहून आण.” दुसऱ्या दिवशी त्याने ते पन्नास वेळा लिहून आणले, सुवाच्य अक्षरात. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधीही प्रश्न विचारला नाही. नववी झाल्यावर शाळा सोडून तो कामाला लागला. घरची परिस्थिती हे त्याचे मुख्य कारण होते हे मी जाणतो. पण त्या कारणामागे मला लपता येत नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्या घराची एक खोली वाढवायची होती. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. जमिनीवर एक फुटी चौरस फरश्या. लागून असलेल्या दोन बाजूंच्या भिंती दोन-दोन फूट बाहेर सरकवायच्या ठरल्या. जुन्या फरश्या तशाच ठेवायच्या आणि नव्या जागेत त्याच मापाच्या बसवायच्या. मी हिशेब केला : एका बाजूला दहा गुणिले दोन, वीस. दुसऱ्या बाजूला दहा गुणिले दोन, वीस. चाळीस फरश्या. तुटफूट धरून थोड्या जास्त आणाव्या म्हणून कागद फरशीवाल्याच्या हाती दिला. तो फरशीवाला म्हणजे हाच मुलगा. आता मिशा आलेल्या, कानामागे पेन्सिल. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “सर, कोपरा राहिला.”

“कोणता कोपरा?”

त्याने खडूने जमिनीवर चौकोन काढला. आतली जुनी खोली दहा बाय दहा. उजवीकडे एक पट्टा, खाली एक पट्टा. आणि त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, बाहेरच्या कोपऱ्यात, दोन बाय दोनचा एक लहान चौकोन, जो माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. “चव्वेचाळीस लागतील. तुटफूट वेगळी.”

मी त्या खडूच्या चौकोनाकडे पाहत राहिलो. बारा गुणिले बारा म्हणजे एकशे चव्वेचाळीस. जुन्या शंभर, दोन पट्टे वीस-वीसचे, कोपरा चारचा. हे माझेच सूत्र जमिनीवर पडले होते! अ म्हणजे दहा, ब म्हणजे दोन. मधला मोठा चौरस अ², कोपऱ्यातला लहान ब², आणि अ लांबीचे व ब रुंदीचे ते दोन पट्टे म्हणजे दोन अब. तो मुलगा चाचणीत दोन पट्टे विसरला होता, मी कोपरा विसरलो होतो. त्याच्या चुकीला मी पन्नास वेळा लिहायला लावले होते. माझी चूक त्याने एका रेघेत दुरुस्त केली.

मी त्याला म्हणालो, “तू विचारलं होतंस ना, दोन अब कुठून आलं? हे बघ, हे दोन पट्टे.” त्याला आठवत होते. तो हसला आणि म्हणाला, “सर, तेव्हा सांगायला पाहिजे होतं.” आणि फरश्या मोजायला लागला.

त्या दिवसापासून मी सूत्रे कागदावर कापून पाहू लागलो. आपल्या घरांत लग्नपत्रिकांना तोटा नाही. त्यांचे जाड पुठ्ठे या कामाला उत्तम. एक चौरस कापावा, बाजू अ + ब. त्यावर दोन रेघा ओढून चार तुकडे करावे : अ², ब² आणि दोन आयत. मुलांनी ते हाताने वेगळे करावे आणि पुन्हा जुळवावे. माझा अनुभव असा की, ज्या मुलाने हे एकदा केले तो ‘दोन अब’ सहसा विसरत नाही, आणि विसरलाच तर स्वतःच चौरस काढून शोधतो. पाठ केलेले हरवले तर परत मिळवायचा रस्ता नसतो.

(अ − ब)² याचा मामला थोडा गमतीचा आहे. अ² − २अब + ब². मुलांचा प्रश्न ठरलेला : “सर, सगळे वजा चालले आहे, मग शेवटी ब² अधिक का?” अ बाजूचा चौरस घ्या. आपल्याला अ − ब बाजूचा चौरस उरवायचा आहे. उजव्या कडेने अ लांबीची व ब रुंदीची पट्टी कापून काढा. आता खालूनही तशीच, पूर्ण अ लांबीची पट्टी काढायची आहे. पण काढायला गेलो तर ती पुरत नाही, कारण तिचा कोपरा पहिल्या पट्टीबरोबर आधीच गेला. दोन पूर्ण पट्ट्या वजा करायच्या असतील तर तो ब × ब कोपरा आधी उसना आणून जागेवर ठेवावा लागतो. ते उसने आणणे म्हणजे अधिक ब². दहातून तीन वजा करून पाहा : शंभर वजा साठ अधिक नऊ, एकोणपन्नास. सातचा वर्ग.

अ² − ब² ची कात्री तर एका मिनिटाची. अ चौरसाच्या कोपऱ्यातून ब चौरस कापून टाका. काटकोनी गुण्यासारखा तुकडा उरतो. त्याचे दोन आयत करा : एक अ लांब, दुसरा ब लांब. दोघांचीही रुंदी मात्र अ − ब. रुंदी सारखी म्हणून ते टोकाला टोक लावून जोडता येतात. लांबी झाली अ + ब. म्हणून अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). हे कळले की १०३ गुणिले ९७ तोंडी येते : दहा हजारांतून नऊ गेले, ९९९१. बाजारात बसणाऱ्या मुलांना हे फार आवडते.

आता जरा इतिहासात शिरतो. माझा मूळ विषय तोच, आणि येथे तो उपरा नाही.

बीजगणिताला इंग्रजीत अल्जिब्रा म्हणतात. हा शब्द ‘अल-जब्र’ या अरबी शब्दावरून आला हे आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा अल-मामून यांच्या कारकिर्दीत (८१३–८३३), ‘अल-किताब अल-मुख्तसर फी हिसाब अल-जब्र वल-मुकाबला’ हा ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, वजा झालेले भरून काढणे. स्पेनमध्ये पुढे हाड बसविणाऱ्यालाही याच शब्दावरून नाव पडले, म्हणजे आपला हाडवैद्य. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखे सारख्याने काढून टाकणे. ग्रंथ कशासाठी लिहिला ते त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे : वारसा, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणे, अशा रोजच्या गरजांसाठी. ग्रंथाचा मोठा भाग तर वारसाहक्काच्या वाटण्यांच्या उदाहरणांचा आहे.

आपण हे नाव अभिमानाने घेतो आणि टाळ्या वाजवितो. मीही वाजविल्या आहेत. परंतु त्यांनी सोडविलेले एक उदाहरण आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्या रीतीने सोडविले आहे? आज एक सोडवू.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस. आपल्या आजच्या लिपीत क्ष² + १०क्ष = ३९. त्यांच्याजवळ क्षही नव्हता आणि बरोबरचे चिन्हही नव्हते. सगळे शब्दांत. पण उत्तर पटवायला त्यांनी आकृती काढली. क्ष बाजूचा चौरस काढा. दहा क्ष म्हणजे क्ष लांबीचे आणि एकूण दहा रुंदीचे आयत. दहाचे दोन भाग करून पाच-पाच रुंदीचे दोन पट्टे चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना चिकटवा. चौरस आणि दोन पट्टे मिळून क्षेत्रफळ ३९. आकृती जवळजवळ मोठा चौरस झाली आहे, फक्त कोपरा राहिला आहे!

माझ्या घराचा तोच कोपरा. तो पाच बाय पाच, म्हणजे २५. तो भरा. ३९ आणि २५, चौसष्ट. मोठा चौरस चौसष्टचा, म्हणजे बाजू आठ. तीतून पट्ट्याची रुंदी पाच वजा करा. क्ष = ३. पडताळा : नऊ आणि तीस, एकोणचाळीस. त्यांनी याची आणखी एक आकृती दिली आहे : दहाचे चार भाग करून अडीच-अडीच रुंदीच्या चार पट्ट्या चारही बाजूंना लावायच्या आणि चार कोपरे भरायचे. प्रत्येक कोपरा सव्वासहाचा, चार मिळून पुन्हा पंचवीस. ही ‘पूर्ण वर्ग करण्याची रीत’ आपल्या दहावीच्या मुलांना पाठ्यपुस्तकात आहे. अर्ध्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा, असे आपण सांगतो आणि मुले मिळवितात. का मिळवायचा? कोपरा उघडा आहे म्हणून. इतकेच.

या समीकरणाला दुसरेही उत्तर आहे : उणे तेरा. ते आकृतीत दिसत नाही, कारण उणे तेरा लांबीची बाजू कुणी काढावी? अल-ख्वारिज्मी यांनी ते धरलेच नाही. ही चित्रांची मर्यादा आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. वरची सारी सूत्रे चित्राने सिद्ध होतात ती अ आणि ब धन असताना, आणि वजाबाकीच्या सूत्रांत अ हा ब पेक्षा मोठा असताना. त्यापुढे ती सर्व संख्यांना लागू आहेत हे दाखवायला गुणाकाराचे नियमच लागतात.

चित्र फसवितेही. आठ बाय आठचा चौरस घ्या, चौसष्ट घरांचा. त्याचे आठ बाय तीन आणि आठ बाय पाच असे दोन आयत करा. पहिला कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. दुसरा तिरका कापून दोन सारखे समलंब चौकोन करा, समांतर बाजू तीन आणि पाच, उंची पाच. हे चार तुकडे दुसऱ्या रीतीने मांडले की तेरा बाय पाचचा आयत दिसतो. पासष्ट! एक घर कुठून आले? माझ्या वर्गात या एका घरावरून दोन तास भांडण झाले आणि मी ते होऊ दिले. खरी गोष्ट अशी की मधली तिरकी रेघ सरळ नाहीच. त्रिकोणाचा उतार आठाला तीन, म्हणजे ०.३७५, आणि समलंबाचा पाचाला दोन, म्हणजे ०.४. दोहोंच्या मध्ये काडीसारखी बारीक फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक घर. म्हणून नुसते ‘दिसते’ म्हणून चालत नाही. कडा खरोखर जुळतात का, कोपरा खरोखर काटकोन आहे का, हे विचारावेच लागते.

हे मला पायथागोरसच्या प्रमेयात एका मुलीने शिकविले. त्याकडे वळतो.

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचे वर्ग मिळून कर्णाचा वर्ग होतो, हे आपल्या देशात फार जुने आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या शास्त्रात, आयताच्या कर्णावरचे क्षेत्र त्याच्या दोन्ही बाजूंवरच्या क्षेत्रांइतके असते असे सांगितले आहे. आजही आपला गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच फूट घेऊन कोपरा गुण्यात आणतो. आमच्या खोलीतही त्या मुलाने पहिल्याने तेच केले आणि जुनी भिंत गुण्यात नसल्याचे मला सांगितले.

याची सर्वांत देखणी आकृती भास्कराचार्यांची. त्यांचा जन्म १११४ चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग समजले जातात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात आहे. त्यांनी आकृती काढून नुसते ‘पहा’ म्हटले अशी गोष्ट सांगितली जाते. पण बीजगणितात त्यांनी उदाहरण घेऊन हिशेबही दिला आहे : बाजू पंधरा आणि वीस, कर्ण किती?

असे चार त्रिकोण कापा. एक चौरस असा मांडा की त्याची प्रत्येक बाजू एका त्रिकोणाचा कर्ण होईल आणि चारही त्रिकोण आत वळतील. मध्ये लहानसा चौरस रिकामा राहतो, त्याची बाजू वीस वजा पंधरा, पाच. आता मोजा. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ दीडशे, चारांचे सहाशे, मधला पंचवीस. एकूण सहाशे पंचवीस. म्हणजे कर्ण पंचवीस. अक्षरांत : कर्णवर्ग = २अब + (ब − अ)². कंस सोडविला की दोन अब येतात आणि जातात, आणि उरतात अ² + ब².

दुसरी आकृती आमच्या मुलांना अधिक आवडते, कारण ती ओळखीची आहे. अ + ब बाजूचा चौरस घ्या, तोच फरशीचा. त्याच्या चार कोपऱ्यांत ते चार त्रिकोण असे ठेवा की मोठ्या चौरसाच्या प्रत्येक बाजूवर एक अ आणि एक ब येईल. मध्ये तिरका चौरस उरतो, बाजू कर्णाइतकी. आता त्रिकोण सरकवा. दोन-दोन जोडून दोन आयत करा आणि ते पट्ट्यांच्या जागी ठेवा. उरतात अ² आणि ब². मोठा चौरस तोच, त्रिकोण तेच चार, म्हणून उरलेली जागाही तीच. कर्णवर्ग = अ² + ब².

हे मी मोठ्या आनंदाने दाखविले तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मधला चौकोन मुरब्बाच आहे कशावरून? तिरपा असेल तर? त्या पासष्ट घरांसारखं व्हायचं.” या वेळी मुरब्ब्याला कुणी हसले नाही. वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहिण्याची पद्धत मी तोवर पाडली होती. मी तिला म्हणालो, “तूच बघ.” तिला थोडा वेळ लागला. काटकोन त्रिकोणाचे उरलेले दोन लहान कोन मिळून नव्वद अंश. मोठ्या चौरसाच्या बाजूवर जिथे दोन त्रिकोण टेकतात तिथे एकाचा एक लहान कोन आणि दुसऱ्याचा दुसरा लहान कोन येतो, आणि सरळ रेषेवर एकूण एकशे ऐंशी. मग मधला कोन नव्वदच. चारही बाजू कर्णाइतक्या, चारही कोन नव्वद. म्हणजे चौरसच. सिद्धतेचा जीव या चार ओळींत आहे, कात्रीत नाही.

कर्णाची लांबी एक घेतली की हेच पुठ्ठे दहावीला उपयोगी पडतात. मग दोन बाजू म्हणजे साइन आणि कोसाइन, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज एक. त्रिकोणमितीचे ते भयंकर वाटणारे सूत्र म्हणजे पायथागोरसच. अमेरिकेचे जेम्स गारफील्ड यांनी १८७६ साली, राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी पाच वर्षे, समलंब चौकोनाने या प्रमेयाची आणखी एक सिद्धता प्रसिद्ध केली. मुलांनी ती जरूर करून पाहावी. ती याच आकृतीचा अर्धा भाग आहे.

एक गोष्ट इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली केला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४–३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी केला. हे अताउल्ला म्हणजे ताजमहालाचे स्थपती मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याचे स्थपतीही अताउल्लाच. तेथील दरवाज्यावरच्या लेखात त्यांच्या नावाबरोबर हंसपतराय या अभियंत्याचे नाव आहे. आपल्या सहली मकबऱ्याला दरवर्षी जातात. मुले कारंज्याजवळ फोटो काढतात आणि परत येतात. ज्याने हा मकबरा बांधला त्याने आपल्या भास्कराचार्यांचे बीजगणित अक्षरशः हाताने उतरविले, हे त्या दरवाज्यापाशी उभे राहून सांगितले पाहिजे. गेल्या सहलीत मी सांगितले, आणि तिथल्याच पायऱ्यांवर खडूने पंधरा-वीस-पंचवीसचा त्रिकोण काढला. पहारेकऱ्याने पुसायला लावला, आणि ते योग्यच होते.

पालकांसाठी दोन शब्द. मूल घरी कात्री-पुठ्ठा घेऊन बसले आणि “गणित करतोय” म्हणाले तर कृपा करून रागावू नका. तुमच्यांत सुतार आहेत, गवंडी आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. कापड बेतताना, लाकूड कापताना तुम्ही जे करता ते मुलाला दाखवा. तुम्हांला सूत्र येत नसेल, पण कोपरा राहिला तर तो तुम्हांला आमच्याआधी दिसतो. आणि माझ्या सहकारी मित्रांना एवढेच, की “कुठून आले?” असे विचारणाऱ्या मुलाला खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर “उद्या सांगतो” म्हणा. मी तसे म्हणालो असतो तर फार काही बिघडले नसते.

त्याच पहिल्या बाकावरच्या मुलीने गेल्या महिन्यात विचारले की (अ + ब)³ चे काय. कागदावर ते मावत नाही, घन लागतो. मी “उद्या सांगतो” म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनेच वडिलांच्या सुतारी दुकानातून आठ ठोकळे कापून आणले : अ³ चा एक मोठा, अ²ब चे तीन चपटे, अब² चे तीन लांबट आणि ब³ चा एक लहान. आठही जोडले की अखंड घन होतो. ते बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. आपण सर्वांनी जोडून पाहावेत. लहान ठोकळा मात्र सांभाळावा. तो आधी एकदा हरवला होता आणि हा तिने दुसऱ्यांदा कापलेला आहे.